जळाऊ लाकूड, एक नग

कावेरी खवणेकर हिच्या घरात जुनं असं काहीच उरलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला इतकी वर्षं अभिमान होता. मालवणपासून अर्ध्या तासावर, कांदळबावच्या किनाऱ्याला लागून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा सासऱ्यांच्या वेळचं शिसवी कपाट, आरामखुर्ची आणि पितळी कड्यांचा झोपाळा तिने भंगारवाल्याला देऊन टाकला होता. बदल्यात सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक सनमायकाचा टीपॉय आला. त्या दिवशी तिला घर खरं नवं झाल्यासारखं वाटलं.

पुढे तिने मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. सुरमई तिची, सोलकढी तिची, चादरीही रोज तीच धुणार. लोक खूश होऊन जात. मग एका मे महिन्यात पुण्याचा एक पाहुणा चार दिवस राहिला, रोज तीन-तीन तुकड्या हाणल्या, आणि घरी पोचल्यावर फोनवर लिहिलं: ‘जेवण अप्रतिम, खोल्या स्वच्छ, यजमान प्रेमळ. पण फर्निचरला आत्मा नाही. तीन तारे.’

कावेरीने ते दोनदा वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं.

“आत्मो? खुर्चेक आत्मो खंयसून येतलो?”

गुरुप्रसाद तहसील कचेरीत अव्वल कारकून होता. सव्वीस वर्षं फायलींत बसून त्याची घरातली भाषाही कचेरीची झाली होती. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “तक्रार लेखी आहे. दखल घ्यावी लागेल.”

दखल म्हणून कावेरी मासे तळता तळता फोनवर व्हिडिओ बघू लागली. त्यात एक हसतमुख मुलगी जुनं टेबल घ्यायची, त्याचा रंग काढायची, इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून पांढरा खडूसारखा रंग लावायची आणि तो वाळला की काचपेपरने कोपरे घासून परत काढायची. म्हणजे टेबल वापरून वापरून झिजल्यासारखं दिसावं. कावेरीला आधी वाटलं की आपण मध्येच काहीतरी बघायचं चुकलो. पण दहा व्हिडिओंत दहा जणी तेच करत होत्या. रंग मारायचा, मग काढायचा, आणि याला लोक पैसे देतात. तिला तिचं शिसवी कपाट आठवलं आणि त्या दिवशीची सुरमई करपली.

आता आत्मा हवा तर जुनी वस्तू हवी. वाडीत सगळ्यांनीच स्लॅबची घरं बांधून सगळं त्याच भंगारवाल्याला दिलेलं. शेवटी तिला ग्रामपंचायतीमागचं बाकडं आठवलं. पंचायतीची नवी इमारत झाली, आत स्टीलच्या खुर्च्या आल्या, आणि जुनं लांबलचक बाकडं पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडलं. त्यावर दुपारी कुत्री झोपत.

सरपंच विनीता ही कावेरीची शाळेतली मैत्रीण. ती म्हणाली, “व्हर गो बाय. तेवढीच जागा मोकळी जायत.”

पण गुरुप्रसादने घरात पाऊल टाकता टाकता विचारलं, “निर्लेखन झालंय का?”

“काय?”

“सरकारी वस्तू अशी उचलून आणता येत नाही. आधी ती निरुपयोगी ठरावी लागते, मग नोंदवहीतून कमी व्हावी लागते. बाकडं म्हटलं तर लिलाव आला. लिलाव म्हटला की जाहीर सूचना. वर्ष जाईल.” त्याने थोडा विचार केला. “पण जळाऊ लाकूड असेल तर सरपंच आपल्या सहीने देऊ शकतात.”

मसुदा त्यानेच केला. ‘विषय: निरुपयोगी साहित्य देणेबाबत. जळाऊ लाकूड, एक नग, विनामूल्य.’ विनीताने न वाचता सही केली, गोल शिक्का बसला, आणि बाकडं टेम्पोतून कावेरीच्या अंगणात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साडी खोचली, हातमोजे चढवले आणि बाकड्याला रंग काढायचं औषध फासलं. वरचा निळा ऑइल पेंट दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. पुट्टीच्या पत्तीने तो ओढला तर खाली तांबडं दिसलं. तिला वाटलं लाकूड आलं. ते लाकूड नव्हतं, रंग होता. तो काढला तर परत निळा. मग परत तांबडा. मध्येच एक पिस्त्यासारखा हिरवा डोकावला आणि त्याखाली पुन्हा निळा.

दगडी गडग्यापलीकडून शेजारचा कॉस्मे पिंटो हे बघत होता. बहात्तर वर्षांचा म्हातारा, हाडाचा रंगारी. गावातल्या होड्या, दरवाजे, कपेलाचा खुरीस म्हणजे क्रूस, शाळेचे फळे, सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला होता.

“काय सोलतंस गो? फणस?”

“बाकडा, काकानू. पण ह्येचा लाकूडच गावना नाय.”

“फणसाचाच आसा ता. पण इतक्यात गावाचा नाय.” कॉस्मे गडगा ओलांडून आला आणि बोटाने दाखवू लागला. “ह्यो वरचो निळो विनीताचो. सकलचो तांबडो सुदेशाचो. मगे विनीताच्या घोवाचो निळो. मगे परत सुदेशाचो. ह्यो हिरवो मध्येच एक अपक्ष इल्लो तेचो, तो अडीच वर्सांत गेलो. तेच्या सकल विनीताच्या सासऱ्याचो निळो, सुदेशाच्या बापाशीचो तांबडो...”

“तुमका इतक्या कसा म्हायत?”

“मीच मारलंय ना गो सगळे!”

कांदळबावात निवडणूक दोनच पॅनेलांत होई. ग्रामविकास पॅनेल निळं, परिवर्तन पॅनेल तांबडं. विनीताचं घराणं इकडे, सुदेशचं तिकडे. ज्याची सत्ता येई तो पहिल्या आठवड्यात दोन कामं करी. एक, आधीच्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी जाहीर करी. दोन, पंचायतीचं बाकडं आपल्या रंगात रंगवून घेई. चौकशी कधी झाली नाही, बाकडं मात्र दर वेळी झालं.

“आणि दर टायमाक माका सांगीत,” कॉस्मे म्हणाला, “कॉस्मे, आदलो रंग मुळासकट खरवडून काढ, नाव-निशाणी रवता नये. मी होय म्हणी आणि वयसून मारी.”

“कित्याक?”

“पाच वर्सांनी तोच परत येतलो, ह्या माका म्हायत होता. मगे खरवडूचा कित्याक?”

दुपारपर्यंत औषधाचा डबा संपला. कावेरीचे हात मोज्यांतूनही चुरचुरत होते, कंबर धरली होती, आणि बाकडं खरूज झालेल्या जनावरासारखं दिसत होतं. बसायच्या जागी तांबडं, पाठीला निळं, हातांवर हिरवट, आणि जागोजाग सगळ्यांची सरमिसळ. पांढरा रंग लावल्याशिवाय हे कोणाला दाखवण्यासारखं नाही, असं म्हणून ती त्यावर चादर टाकायला गेली, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. उद्या येणारं मुंबईचं जोडपं आजच आलं होतं. दोघंही आर्किटेक्ट.

बाई उतरली, दोन पावलं चालली आणि किंचाळली. “हे कोणी केलं?”

“मी,” कावेरी ओशाळून म्हणाली. “अजून पुरं व्हायचंय. उद्या पांढरं करते.”

“अजिबात नाही! हात लावू नका याला!”

मग तिने बाकड्याचे वरून, खालून, झोपून असे पंचवीस फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पोचले. खाली तिने लिहिलं होतं की या एका बाकड्यात कोकणच्या मातीचे, समुद्राचे आणि सूर्यास्ताचे रंग एकावर एक साठले आहेत. पाच तारे.

कावेरीने ते वाचून कॉस्मेकडे पाहिलं. कॉस्मे म्हणाला, “सूर्यास्त बरो लागता. सुदेशाचो म्हणान सांगू नको.”

महिनाभरात कावेरीच्या खोल्या दिवाळीपर्यंत भरल्या. लोक फाटकातून शिरत, समुद्राकडे पाठ करून बाकड्यावर बसत आणि फोटो काढून जेवायला येत. कावेरीने बिछान्यांच्या चादरीही बाकड्याशी जुळणाऱ्या घेतल्या. आत्मा म्हणजे काय ते अजून तिला नीट कळलं नव्हतं, पण तो घरी आला होता एवढं नक्की.

मग एका रविवारी माजी सरपंच सुदेश बुलेटवरून आला. उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही.

“वैनीनू, ह्या काय बरा नाय.”

“काय झाला?”

“फोटोत बसूच्या जाग्यार तांबडो आसा आणि पाठीक निळो. म्हणजे आमच्या रंगार लोकांनी बसूचा आणि तेंच्या रंगाक टेकान आराम करूचो?”

“अहो भावजी, जंय लोक जास्त बसले थंय वरचो निळो आधीच झिजलेलो. सकलचो तांबडो वर इलो. मी काय करू?”

सुदेशने इंजिन बंद केलं. “म्हणजे निळो टिकाक नाय. असाच ना? मगे तसा एका पाटयेर लिवन बाजूक लावा.”

ही बातमी विनीताला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नसावा. ती स्कूटरवरून आली ती तडक बाकड्यापाशी.

“कावेरी, तू निळोच तितको सोललंस गो! तांबडो तसोच ठेवलंस!”

“अगो, निळो वरचो. जो वर आसता तोच पयलो जातलो ना?”

कावेरी रंगाबद्दल बोलत होती. पण निवडणूक सहा महिन्यांवर आलेली, आणि विनीताचा चेहरा असा झाला की जणू गावच्या देवळात कौल उजवा मागावा आणि डावा पडावा. तिने तशीच स्कूटर वळवली.

पुढच्या ग्रामसभेत विषय क्रमांक सात आला: ‘गावचे ऐतिहासिक बाकडे खाजगी व्यक्तीकडून परत घेणेबाबत.’ पाणीपुरवठ्याचा विषय आठवा होता, तो वेळेअभावी राहिला. सुदेश उठून म्हणाला की बाकडं गावचा वारसा आहे आणि सत्ताधाऱ्यांनी तो मैत्रिणीला फुकट दिला. विनीता म्हणाली की वारसा आहे हे तिला मान्य आहे, पण त्यावर कुत्री झोपत होती तेव्हा विरोधकांना तो आठवला नव्हता. गुरुप्रसादने उभं राहून ते पत्र वाचलं. ‘जळाऊ लाकूड, एक नग.’

“वारशाला जळाऊ लाकूड म्हणणारा कोण?” सुदेश गरजला.

गुरुप्रसादने खालची सही वाचली. विनीताने पदर सावरला आणि समिती नेमावी असं सुचवलं. समिती म्हटल्यावर दोन्ही बाजूंना एकदम हायसं वाटलं.

समिती सहा जणांची, दोघं पुढारी आणि त्यांचे चार मोठ्याने मान डोलावणारे. ती कावेरीच्या अंगणात आली तेव्हा कावेरीने कोकम सरबत आणि खाजं ठेवलं. कचेरीतला माणूस म्हणून टिपणं घ्यायला गुरुप्रसादलाच बसवलं. पहिला अर्धा तास बाकड्यावर कोणी कुठे बसावं यावर गेला. तांबड्यावर सुदेश बसेना, निळ्याला विनीता टेकेना. शेवटी सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले.

सुदेश म्हणाला, “मुद्दो एकच. बाकडा पयला कोणाच्या कारकिर्दीत झाला? सगळ्यात सकलचो रंग ज्येचो, तेचा बाकडा. माझ्या बापाशीन ह्या करून घेतला, सकल तांबडो गावतलो.”

“माझ्या मामांजींनी करून घेतला,” विनीता म्हणाली. “निळो गावतलो.”

“मगे खरवडा!”

कॉस्मेला बोलावणं गेलं. तो पत्ती आणि औषधाचा नवा डबा घेऊन आला आणि बाकड्याच्या एका पायाशी वाकला. “हयसर बघतंय.”

“पायाकडे नको,” विनीता म्हणाली. “पायाक चिखलाचे डाग. पाठीक बघा, उजवीकडे. थयसर थर जाड दिसता.”

“थयसर नको,” कॉस्मे म्हणाला.

“कित्याक?”

“लाकूड बरा नाय थंयचा.”

त्याच्या या बोलण्याने दोघांनाही संशय आला. दोघांनाही तिथेच हवं झालं. म्हाताऱ्याने एकदा कावेरीकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि कामाला लागला. औषध फासलं, थांबला, पत्ती फिरवली. निळा गेला, तांबडा गेला. तळहाताएवढ्या जागेत गावची पन्नास वर्षं सालीसारखी निघून खाली पडत होती. शेवटी पिवळंधमक फणसाचं लाकूड उघडं झालं. सगळे पुढे वाकले.

लाकडावर सुरीने कोरलेल्या रेघा होत्या. उभ्या, सरळ, ओळीने एकोणीस. वर १९७८ आणि खाली दोन शब्द: ‘उद्या ये’.

सुदेशने बोट ठेवून रेघा मोजल्या.

“ह्या कोणी केल्यान?” सुदेशने विचारलं.

“मी,” कॉस्मे म्हणाला. त्याने अंगठ्याने रेघांतला भुसा पुसला. “मुंबयक बोटीर खलाशाची नोकरी लागल्ली माका. रहिवाशी दाखलो व्हयो होतो. ह्याच बाकड्यार बसलंय एकोणीस दिवस. आत गेलंय की सांगत, उद्या ये. मी भायर येवन एक रेघ मारी.”

“कोण सांगी?” विनीताच्या तोंडून निघून गेलं.

“अकरा दिवस तुज्या सासऱ्यान सांगल्यान. मगे निवडणूक झाली, सुदेशाचो बापूस इलो. आठ दिवस तेणा सांगल्यान.” त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, एखाद्या होडीला किती रंग लागला ते सांगावं तसं तो सांगत होता. “विसाव्या दिवसाक दाखलो दिल्यानी. बोट अठराव्या दिवसाक गेल्ली. मगे नव्या सरपंचानच सांगल्यान, कॉस्मे, मोकळोच आसंस तर ह्या बाकड्याक तांबडो रंग मार. तेच्यापासून रंगारी झालंय.”

तळाचा रंग कोणाचा, हे आता कोणी विचारेना. आणि कांदळबावच्या इतिहासात जे कधी झालं नव्हतं ते पुढच्या पाच मिनिटांत झालं. दोन्ही पॅनेलांचं एकमत झालं.

“मी काय म्हणतंय,” सुदेश घसा खाकरून म्हणाला, “बाकडा एवढा काय जुना दिसणा नाय.”

“आणि असो कोरल्यालो माल पर्यटकांक दाखवणा म्हणजे गावची बदनामी,” विनीता म्हणाली.

“एकच रंग मारूया. पांढरो.”

“पांढरो बरो. ताबडतोब. खर्च पंचायतीचो.”

“लिहा, गुरुप्रसाद,” विनीता म्हणाली. “सर्वानुमते.”

गुरुप्रसादने लिहिलं. त्याचं पेन नेहमीपेक्षा सावकाश चालत होतं.

कावेरी सरबताचं तबक धरून उभी होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते दिवाळीचं बुकिंग. पांढरं बाकडं बघायला कोण येणार? पण मग तिने कॉस्मेकडे पाहिलं. तो रंगाचा डबा आणायला निघाला होता. कोणी त्याला सांगितलंही नव्हतं, पन्नास वर्षांच्या सवयीने तो उठला होता. तिने तबक टीपॉयवर आदळलं.

“काकानू, बसा.”

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“ठराव कसलो केलास?” तिने विनीताला विचारलं.

“बाकडा रंगवूचो.”

“बाकडा खंय आसा हयसर?” कावेरीने आतून पत्र आणून पुढे धरलं. “तुजीच सही. माज्या अंगणात जळाऊ लाकूड आसा, एक नग. ता मी जाळीन, सोलीन, नायतर देवघरात ठेवीन. पंचायत लोकांची लाकडा कधीपासून रंगवूक लागली?”

विनीताने गुरुप्रसादकडे पाहिलं. गुरुप्रसादने चष्मा पुसला, पत्र पाहिलं, ठराव पाहिला, आणि नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदा बायकोच्या बाजूने कायदा सापडल्याचा आनंद लपवत म्हणाला, “तांत्रिकदृष्ट्या हरकत घेता येणार नाही.”

समिती खाजं न खाता गेली. एका मान डोलावणाऱ्याने मात्र जाता जाता दोन तुकडे खिशात टाकले.

समिती गेल्यावर कॉस्मे बराच वेळ उभाच होता. मग बाकड्यावर बसला, उजवीकडच्या टोकाला, जपून, जसं कोणी आतून हाक मारील तर लगेच उठावं लागेल.

“राग नाय इलो तुमका?” कावेरीने विचारलं. “जल्मभर तेंचाच बाकडा रंगवलास?”

“इलो तर. पयल्या टायमाक म्हणान दोन हात मारलंय, माज्योच रेघो माका दिसता नये म्हणान. बाकीच्यांक एकेक.” त्याने पाठीवरच्या रेघांकडे वळून पाहिलं. “मगे बघता बघता रागार पण थर बसले.”

दुसऱ्या दिवशी तो लाखेचं पॉलिश घेऊन आला आणि तेवढ्या उघड्या तुकड्यावर कापसाच्या बोळ्याने सकाळभर हात फिरवत राहिला. बाकी रंग त्याने तसेच ठेवले.

खवणेकरांना त्याचा त्रास झाला नाही असं नाही. त्या वर्षी होमस्टेचा ना-हरकत दाखला पंचायतीत दोन महिने अडकला. गुरुप्रसादने तीन स्मरणपत्रं पाठवली, प्रत्येकाची प्रत वरिष्ठांना धाडली, आणि चौथं लिहायला बसला तेव्हा दाखला आला. निवडणुकीत विनीता पडली, सुदेश आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने स्टीलच्या खुर्च्यांना तांबडी कव्हरं शिवून घेतली. रंगाऱ्याची गरज लागली नाही.

पाहुण्यांना मात्र आता सगळ्यात जास्त त्या रेघा आवडत. कावेरी आधी प्रत्येकाला सगळी हकिकत सांगायची. मग तिच्या ध्यानात आलं की ऐकता ऐकता लोक फोटो काढतात आणि फोटो झाला की ऐकत नाहीत. नम्रता नावाची एक बाई पुण्यात कॅफे काढणार होती. तिने फोन करून सांगितलं की तिला अगदी अशीच सहा बाकडी हवीत, रेघांसकट, ‘उद्या ये’ थोडं मोठ्या अक्षरात, आणि शक्य झालं तर रेघा एकवीस, कारण एकवीस शुभ.

कावेरीने गडग्यावरून कॉस्मेला विचारलं. तो होडीच्या तळाला डांबर लावत होता. त्याने हात थांबवला नाही.

“बाकडी करून देतंय म्हणान सांग. फणसाची, बरी दणकट. रंग पण देतंय, हवे तितके थर. पण रेघो मी मारूचंय नाय.”

“मगे काय सांगू तिका?”

“सांग, बाकड्यार बस म्हणान. दिवस मोज. आणि तुज्यो तूच मार.”

कावेरीने तसंच, पण जरा गोड मराठीत, नम्रताबाईंना कळवलं. मग बाईंनी विचारलं की तुमच्याकडे दुसरा कोणी कारागीर आहे का. कावेरी म्हणाली, नाही, आणि चुलीवरची कढई सांभाळायला आत गेली.